झोपेच्या तासाच्या बाई

थप्. थप्. थप्.

दुपारी घर चिडीचूप असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. मी वही मिटली. ही वही लेक झोपली की उघडते, आणि लेक झोपलेली नव्हती. तिने फडक्यावर बारा बटाटे ओळीने निजवले होते आणि एकेकाला थोपटत होती.

"कधी उठलीस गं?"

"हळू बोल. हा रडका आत्ता कुठे झोपलाय."

हे खूळ तिच्या डोक्यात माझ्यामुळेच शिरलेलं. परदेशात येऊन आम्हाला आठ महिने झाले होते. नवऱ्याला नोकरी होती, मला घर होतं, लेकीला खेळायला कोणीच नव्हतं. कोपऱ्यावरच्या बालवाडीत जागा नव्हती. पण जी आई तिथे महिनाभर बिनपगारी मदत करेल, आणि जिचं काम पसंत पडेल, तिच्या मुलाचा नंबर आधी लागतो, असं कळलं. मी त्याच दिवशी नाव देऊन आले.

"पगार नाही, पण नापास व्हायची सोय आहे," नवरा म्हणाला. तो घरूनच काम करायचा, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस लेक त्याच्या गळ्यात.

माझ्या वाट्याला आला झोपेचा तास. बारा मुलं, बारा गाद्या. मुख्य बाईंनी नियम सांगितला, "मुलं आपली आपण झोपतात. तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं."

मी बसले. मुलं आपली आपण जागी राहिली. त्यांतली एक, मनातल्या मनात मी तिला भोंगाबाई म्हणायचे, न चुकता पाऊण तास गळा काढायची. चौथ्या दिवशी मी खुर्चीतून कधी उतरले आणि माझा हात तिच्या पाठीवर कधी गेला, मलाच कळलं नाही. भोंगा हळूहळू खाली आला आणि बंद पडला. शेजारचा सरकत सरकत जवळ आला. मग त्याच्या शेजारची. वीस मिनिटांत बाराच्या बारा गार. मान वर करून बघते तर मुख्य बाई दारात.

झालं, म्हटलं. गेली लेकीची जागा.

"हे काय करत होता तुम्ही?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मारत नव्हते," एवढंच मला सुचलं.

त्या दार ओढून निघून गेल्या. पण पुढच्या खेपेला मी आत पाऊल टाकलं तर बारा पाठी माझ्याकडे वळून तयार. माझी पाळी नसेल त्या दिवशी एकजण डोळा मिटेना. शेवटी मुख्य बाई गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा." कलिंगड पिकलंय का बघावं तसा त्यांचा हात पडायचा. दोन मुलं दचकून उठली.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला थोपटून थोपटून माझं मनगट कायमचं गेलं. मला नाही कोणी शिकवायला बोलावलं."

महिना संपला. मुख्य बाईंनी लेकीचं नाव यादीत लिहिलं आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या, "तुम्हीही येत राहा. पण या खोलीत तुम्ही कोणाचीच आई नाही. सगळी मुलं सारखी. आपल्या मुलीला आधी घ्यायचं नाही." मी मान डोलावली. त्या वेळी त्यांनी छपरावर चढायला सांगितलं असतं तरी डोलावली असती.

बटाटे निजले तो शुक्रवार. सोमवारी लेक बालवाडीत आली.

"तिथे मला बाई म्हणायचं," मी वाटेत पढवलं.

"बाई," ती शहाण्यासारखी म्हणाली.

तेरावी गादी ओळीच्या टोकाला, खिडकीखाली होती. मी भोंगाबाईपासून सुरुवात केली. दुसरी पाठ, तिसरी पाठ. खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दिसत होतं: लेक पालथी पडून बोटांवर मोजत होती, तिचा नंबर कधी येतो ते. सातव्या पाठीवर माझा हात असताना ती गादी ओढत माझ्या मागे येऊन बसली.

"बाई."

"झोप. येईल तुझा नंबर."

"बरं."

ती आडवी झाली. दारात मुख्य बाई उभ्या होत्या. आठव्याला थोपटायला मी पुढे सरकले, तशी माझी ओढणी मागून कोणीतरी धरली.

"बाई, यांच्या आया घरी गेल्यात. माझी कुठे गेली?"