पालकांची सही

पेनाचं टोपण चावलेलं होतं. टोकाशी दातांच्या बारीक खुणा, एका बाजूचा तर तुकडाच उडालेला — ही पोर पेनं चावते हे दुलातला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं एकाच अंगणात, समोरासमोरच्या घरांत काढून असं आणखी काय काय ठाऊक नव्हतं, कोण जाणे. त्याच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर, मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाशेजारी, अकमारलने शाळेचा कागद ठेवला होता. शेवटच्या दोन वर्षांसाठी निवडलेले विषय : इतिहास आणि भूगोल. त्याखाली पालकांची सही, आणि ती जागा कोरी.

"रसायन आणि जीवशास्त्र ठरलं होतं," तो म्हणाला.

"कुणाचं ठरलं होतं, दादा?"

दादा... तिचं काही चुकत नव्हतं, दुलातच्या मनात आलं. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही आमच्याकडची रीत. ती चाळीस दिवसांची झाली तशी आई येऊन तिला दुपट्यासकट उचलून घेऊन गेली, साउलेची छाती कापडाने आवळून बांधली, दूध आटावं म्हणून, आणि मी — नवरा ना मी तिचा, बाप ना त्या पोरीचा — दारात उभा राहून आईला म्हणालो, जपून जा, पायरीवर बर्फ आहे. तेव्हापासून माझे वडील ओराझ तिचे बाबा, माझी आई तिची आई, मी दादा, आणि जिने तिला जन्म दिला ती साउले वहिनी. हे तिच्यापासून कुणी लपवलं नाही, कुणी सांगितलंही नाही. अशा गोष्टी घरातल्या मुलांना हवेतूनच कळतात.

आणि ती मेजवानी. पाच वर्षांची अकमारल पाहुण्यांसमोर उभी राहून सात पूर्वजांची नावं म्हणत होती — बाप ओराझ, त्याचा बाप बेकेन, त्याचा सादिर, त्याचा तोक्तार... सातव्यापर्यंत न अडखळता पोचली, ओराझने कौतुकाने ताटातल्या उकडलेल्या मेंढीच्या डोक्याचा कान कापून तिच्या हातावर ठेवला, आणि कुणीतरी ओरडलं, अरे दुलात, मग तू कुठून टपकलास? सगळे हसले. दुलात सगळ्यांत मोठ्याने हसला. त्या रात्री तो साउलेला कारण नसताना इतकं तोडून बोलला की ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. एवढं एक त्याला जमायचं. नेमकी जागा हेरून बोलायचं, आवाज न चढवता.

आताही त्याने तेच केलं. इतिहास शिकलेल्यांचं पुढे काय होतं ते सावकाश सांगितलं : खेड्यातली शाळा, कोळशाची धग, थंडीने नाक गळणारी पोरं, आणि मेलेल्या खानांची घोकंपट्टी. वर म्हणाला, तुला जिवंत माणसं झेपत नाहीत, म्हणून मेलेल्यांची हौस.

तिने ऐकून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती नव्हतीच.

"आपल्या घरात जो जे म्हणेल ते खरं धरायचं," ती म्हणाली. "मला कागद बघून ठरवायला शिकायचंय. आणि पाचपर्यंत हा दिला नाही, तर शाळा मला कुठल्याही विषयांत ढकलेल."

"मग बाबांची सही घे."

"बाबा केव्हाच हो म्हणाला. त्याची चालत नाही. आईने सकाळी पेटीतून जन्मदाखला काढून दिला, त्यावर तुमचं नाव आहे."

दुलातला गोड वाटलं. लाज वाटावी इतकं गोड वाटलं. सगळ्या अंगणाने, सगळ्या नात्यागोत्याने खोडलेला माणूस एका सरकारी कागदावर अजून शाबूत होता, आणि ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागायला आली होती. नाही म्हणावं... तिला हवं ते मोडून टाकावं... निदान एकदा तरी बापासारखं काहीतरी करावं. पण नाही म्हटलं की ती निघून जाईल, आणि पुन्हा काही मागायला येणार नाही.

"मला बाबा म्हण," तो म्हणाला. "एकदाच. मग करतो सही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती रडेल, चिडेल, कागद फाडून जाईल, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्याला तसंच हवं होतं.

"बाबा, सही करा," ती म्हणाली. दुकानात येऊन जंताचं औषध मागावं, तशी.

त्याने सही केली. अक्षर वाकडं आलं. तिने कागद आपल्याकडे वळवून नीट वाचला, आणि पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"तारीख राहिली, दादा."

त्याने तारीख घातली. ती गेली, दाराची घंटा वाजून थांबली. छातीत कुठेतरी खोल खुपत होतं आणि तो ते तपासत उभा राहिला... ओराझला असं बोलता आलं नसतं, तो भोळा माणूस, जन्मात कुणाला जिव्हारी लागेलसं बोलला नाही. आईही नाही. साउले तर नाहीच. हे नेमकं, थंडपणे जागा शोधून बोलणं — हे त्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. हे माझ्याकडून गेलं. माझं आहे हे, दुलात मनाशी म्हणाला, आणि आपण सुखावलोय हे लक्षात येऊन त्याला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.