आर्चबिशपांना उदंड आयुष्य लाभो

आमच्या आर्चबिशपांच्या प्रकृतीची काळजी या राइनकाठी माझ्याइतकी कुणालाच नसेल. त्यांच्या वैद्यालासुद्धा नाही. कारण आर्चबिशप गेले की सोन्याच्या गुल्डेन नाण्यावरचं नाव बदलतं, घराण्याच्या चिन्हाची ढाल बदलते, आणि नवे ठसे कोरायला बसतात आमचे हे, विगांट. नखाएवढ्या ढालीवर सिंह काय, क्रूस काय, तेही सगळं उलटं. त्यात यांचे डोळे चाललेत.

बरं, कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी एखादा तरणाताठा निवडावा की नाही? पण प्रत्येकाला आपली पाळी लवकर यायला हवी. म्हणून थडग्यात पाय सोडून बसलेलाच शोधतात. मागच्याला तर गादीवर उचलून बसवावं लागलं. तो ईस्टरसुद्धा बघू शकला नाही.

पुन्हा निवडीच्या घंटा वाजल्या, तशा मी यांच्या कोरण्या पिठाच्या पिंपात लपवल्या.

"मेत्झा, माझ्या कोरण्या कुठायत?"

"मला काय विचारता? मी टांकसाळ चालवते का?"

"अगं, या वेळी तरुण निवडलाय. शिकारी गडी. आपल्या दोघांना पुरून उरेल. हे शेवटचंच काम."

"मागचंही शेवटचंच होतं."

"मागचा म्हातारा होता."

ते खोटं नव्हतं. आर्चबिशप टिकला तर एकदाच कोरायचं; पुढे ठसे झिजले तरी पहिल्या ठशावरून हाताखालची माणसं नवे ठोकून घेतात. डोळे फुटतात ते पहिल्यालाच. म्हणून पिठात हात घालून दिल्या काढून.

आणि या तरुणाची ढाल कसली, तर चिमण्यांची! एखाद्या घराण्याला साधी आडवी पट्टी पुरत नाही? विगांट ठशाला नाक लावून बसले ते बसलेच. मी बाजूला धुमसत होते.

"चिमणीला डोळा कशाला हो? कोण बघणारेय?"

"मी."

काल सकाळी पहिला गुल्डेन पडला. टांकसाळीचे मुख्य रुप्रेख्त तो स्वतः घेऊन घरी आले, रीतच आहे तशी. यांनी तो खिडकीकडे धरलाच नाही. अंगठ्याने चाचपला.

"चोच आलीय," म्हणाले, आणि हसले. किती दिवसांनी हसले.

रुप्रेख्तना ठेवून घेऊन आम्ही तिघं दुपारच्या सूपला बसलो होतो, तेवढ्यात मोठी घंटा वाजायला लागली. ते बाहेर जाऊन विचारून आले. शिकारीत घोड्यावरून पडून आर्चबिशप गेले होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे तेवढेही धड भरले नाहीत. मी त्या घोड्याला, धर्मगुरूंना, वर बसलेल्या सेंट पीटरला, सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलले.

"झालं बोलून?" हे म्हणाले. "आता कोरण्या दे. आणि आधी दिवा लाव, फार अंधारून आलंय."

बाहेर लख्ख ऊन होतं. रुप्रेख्तनी माझ्याकडे पाहिलं.

मी दिवा लावला.