रिकामी धरलेली यादी

हर्षाने तो कोड चंद्रपूरच्या ऑफिसात एका दुपारी लिहिला होता. सर्व्हरकडून माहिती मागवायची, येईपर्यंत पान सांभाळायचं, आली की दाखवायची. एकदा लिहा, हव्या त्या पानाला जोडा. कंपनीने तो चौदा पानांना जोडला, वनहक्क दाव्यांच्या पानालासुद्धा. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. त्या कोडची सुरुवात अशी:

यादी = रिकामी
मग मागवा

दोन वर्षांनी ती कुरखेड्याच्या सेवा केंद्रात नवा अर्ज कसा भरायचा ते शिकवायला आली. ऑपरेटर मिथुनपुढे सुकरीबाई उभी होती, तिच्यामागे दारापर्यंत रांग. मिथुनने दाव्याचा नंबर टाकला.

नोंद नाही.

"नाई आहे बाई. मागच्या खेपेलेही हेच सांगतलं."

"चौथ्यांदा आली भाऊ. कागद तं तुमच्याच हातात देल्ला होता."

"माह्या हातात रोज शंभर कागद येते." तो पान बंद करायला गेला.

"राहू द्या जरा," हर्षा म्हणाली.

तीन सेकंद.

पाच. रांगेतला कोणी खाकरला.

आठ. हर्षाला कळलं. मिथुनला अजून नाही.

अकरा. सुकरी झिंगू उसेंडी. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडावी. खाली मुदतीची तारीख.

चंद्रपुरातल्या वेगवान नेटवर यादी पापणी लवायच्या आत भरायची. रिकामी यादी म्हणजे 'नोंद नाही', हे तिनेच लिहिलं होतं. 'अजून येत आहे' लिहायचं राहून गेलं होतं.

"दिसलं ना नाव?" सुकरीबाई हसली. "ठराव घरीच आहे. उद्या आनतो."

"तारीख मागच्या महिन्यात गेली, बाई," मिथुन खालच्या आवाजात म्हणाला.

"काऊन गेली? मी तं येतच होती."

हर्षाने बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला.

"आजच दुरुस्त कर," साहेब म्हणाले, "पण गाजावाजा नको. लेखी तर काहीच देऊ नको."

ती आत आली तोवर मिथुनने मुदतवाढीच्या अर्जासाठी कागद ओढला होता. अर्जदार मुदतीत तीन वेळा केंद्रात आल्या होत्या, इथपर्यंत त्याने लिहिलं होतं.

"पुढं काय लिवू मॅडम? काऊन परत पाठवलं?"

"तांत्रिक कारणामुळे."

"एवढ्यावर वनहक्काचे साहेब आयकन?" सुकरीबाईने विचारलं.

मिथुनने कागद हर्षापुढे सरकवला. "कंपनीकडून तुमी सही करा."

"मी फक्त शिकवायला आलेय," हर्षा म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला खुर्ची दिली.