घडी न मोडलेले चीवर

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. लांब फटके मारणाऱ्या काठ्या वेगळ्या, आणि त्यांचे कौतुकही मोठे. चेंडू खळग्याजवळ आला, की उरलेले थोडेसे अंतर त्याला हलकेच ढकलत नेणे, एवढेच माझे काम. मला पटर म्हणतात.

थायलंडमधल्या छोनबुरीच्या जुन्या बाजारात लमाईने मला घासाघीस करून घेतले. ती गोल्फच्या मैदानाच्या फाटकाशी केळी भाजून विकायची. तिच्या मुलाला, सुरचेतला, त्या मैदानाचे वेड होते. माझी मूठ उसवलेली होती. लमाईने आपल्या नेसूच्या कापडाची पट्टी काढून तिला घट्ट गुंडाळली. त्या पट्टीला केळ्यांच्या धुराचा वास होता. सुरचेतचे हात त्या वासावर मोठे झाले.

मोठ्या स्पर्धेआधी लमाईने विहारात नवस केला. मुलगा जिंकला, तर एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खू होऊन राहील. मुलगा भिक्खू झाला, की आई त्याच्या चीवराचा, त्या केशरी वस्त्राचा, पदर धरून स्वर्गात जाते, असे आम्ही मानतो.

सुरचेत हसून म्हणाला, "आई, जिंकलो तर डोकं दोनदा भादरून घेईन."

तो जिंकला. शेवटचा चेंडू मी ढकलला होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले, माझेही फोटो काढले. लमाईने त्याच आठवड्यात चीवर आणून कपाटात ठेवले. ते मुलाने आईच्या हातून घ्यायचे असते.

त्या वर्षी त्याला परदेशी खेळायचे होते. पुढच्या वर्षीही होते. लमाई दर उन्हाळ्यात चीवर झटकायची, उन्हात धरायची आणि त्याच घडीवर परत ठेवायची.

मग सुरचेतची पाठ गेली आणि खेळ सुटला. तो भाषणे देऊ लागला. माझी कापडाची पट्टी कापून कातडे बसवले, मला सोनेरी मुलामा दिला. दिव्यांच्या झोतात तो मला उंच धरायचा. टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण गवत मला पुन्हा दिसले नाही.

एका सभेत मी पहिल्या रांगेत लमाईच्या मांडीवर होते. शेजारी तिची मैत्रीण फिकुनमावशी बसली होती. व्यासपीठावरून सुरचेत सांगत होता, "जे करायचं ते आज करा. उद्या नावाचा दिवसच नसतो."

"लमाई, हे वाक्य ह्याला कुणी ऐकवत नाही का गं?" मावशी पुटपुटली.

"ऐकवते की. दर वर्षी ऐकवते."

"मग?"

"म्हणतो, आई, पुढच्या वर्षी नक्की." लमाई हसली. मग म्हणाली, "तोवर माझे हात थरथरायला नकोत. चीवर खाली पडेल."

हात थरथरायची वेळ आलीच नाही. एका सकाळी शेगडी पेटवता पेटवता ती बसली, ती पुन्हा उठली नाही.

आमच्याकडे आईच्या चितेआधी मुलगा एका दिवसापुरता भिक्खू होतो. सुरचेतने डोके भादरले. चीवर द्यायला आई नव्हती, म्हणून फिकुनमावशी पुढे झाली. विहाराच्या ओसरीवर, लमाईच्या केळ्यांच्या टोपलीपाशी मला टेकवून ठेवले होते. मावशीने घडी मोडली, तेव्हा मला दिसले. घडी जिथे जिथे होती, तिथे केशरी रंग उडून पांढरट रेघा पडल्या होत्या.

सुरचेत त्या रेघांकडे बघत राहिला. मग ते चीवर नेसून, शवपेटीला बांधलेला पांढरा दोरा हातात धरून तो पुढे चालू लागला.

मावशी पेटीशी वाकून म्हणाली, "लमाई, आला गं तुझा. आता धर पदर."

त्यानंतर सुरचेतने एकच भाषण दिले. मला उंच धरून तो म्हणाला, "जे करायचं ते..." आणि थांबला. लोकांना वाटले, ही बोलण्याची लकब असेल. त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आता मी त्याच्या घरात त्या गार शेगडीजवळ उभी असते. मुलामा उडतो आहे, उडू दे. मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका. तुमच्यासाठी कुणी काही घडी घालून ठेवले असेल, तर रंग उडायच्या आत जा आणि त्यांच्या हातून घ्या.