कापूसवेचणीची तिसरी ओळ

मी हदगावच्या आनंदराजची पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, वाजवायची. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्याकडे येणारी निम्मी माणसं माझ्यावर पिशवी ठेवतात आणि उरलेली चहाचा कप.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. एवढी वर्षं हौशी वादकांच्या हाताखाली काढून बघा, मग तुमचाही स्वभाव गोड राहतो का ते सांगा मला.

माझा जन्म नांदेडच्या एका बोळातला. एक खोली आणि एक म्हातारा कारागीर, एवढाच तो कारखाना. त्यानं सागवानाची फळी तासली, भाता चिकटवला आणि एकेक पट्टी बसवून तिला कान लावून ऐकलं. काळ्या पट्ट्याही त्यानं पांढऱ्यांइतक्याच मन लावून बसवल्या. मी ज्यांच्या हाती पडणार होते ती माणसं काळ्या पट्ट्यांना विंचवाला भ्यावं तशी भितात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

आनंदराज पंचायत समितीत कारकून होता. एसटीच्या मागच्या सीटवर मला मांडीवर घेऊन तो हदगावला आला. त्याची माय गुणाबाई दारातच उभी होती.

"हे एवढं मोठं खोकं कशाचं?"

"गाणं हाय ह्यात, माय."

"गाणं माझ्या तोंडात हाय की. त्याला खोकं कशाला पायजे?"

मला पहिल्याच दिवशी तिचा राग आला. पण खोटं कशाला बोलू, त्या घरात मान द्यावा असं तेवढं एकच माणूस होतं.

गुणाबाई कापूस वेचायला जायची. रांगेतल्या बायका एक गाणं म्हणत वेचायच्या. ते कुणी रचलं, कुणाला ठाऊक नाही. तिच्या आईकडून तिच्याकडे आलं होतं. संध्याकाळी ती ओट्यावर पाय पसरून बसली, की आनंदराज मला तिच्यापुढं ओढायचा आणि ती म्हणायची:

बोंड फुटलं गं बाई, पांढरं झालं रान,
वटी भरली गं बाई, वाकून गेली मान,
घर लांब, माय गं, घर लांब...

पहिल्या दोन ओळी पांढऱ्या पट्ट्यांवरून सरळ चालत यायच्या. तिसरीत मात्र चाल वर चढायची आणि शेवटच्या 'लांब'वर एका काळ्या पट्टीवर जाऊन टेकायची. मधल्या सप्तकातली काळी तीन. आनंदराजला ती सापडता सापडेना. तो शेजारच्या पांढऱ्या पट्ट्या चाचपत बसायचा आणि गुणाबाई मान हलवायची. "तिथं न्हाई रे. तिथं तर समदेच जातेत. जरा पुढं." एकदाचं त्याचं बोट त्या काळीवर पडलं आणि गुणाबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "हां! हितंच हाय बघ घर."

त्या दिवशी मला बरं वाटलं. कुणीतरी कारागिराच्या मेहनतीचं चीज केलं.

आणि मग मंडळ निघालं.

हौशी पेटीवादकांचं मंडळ. दर रविवारी सकाळी आनंदराजच्या ओसरीवर. हेतू काय म्हणे, तर जुन्या लोकधुना जपायच्या. ज्याला जी चाल येते ती त्यानं सगळ्यांना शिकवायची. ऐकायला किती छान! मंडळातली माणसं कशी, ते मला विचारा.

रामकिशन सोयाबीनवाला शेतकरी. माहूरला जाऊन गोंधळाची एक चाल शिकून आला आणि अशा थाटात बसला की जणू देवीनं त्याला बोलावून घेऊन दिली. सगळ्यांना शिकवली खरी, पण शेवटी चाल वर उचलणारी उठावणी गाळून. घरी एकटा असला की म्हणे तो ती उठावणीसकट वाजवायचा. मंडळात कुणी विचारलं की म्हणायचा, "एवढीच हाय बा चाल." दुसरा संगमेश. मूळ जळकोटचा, हदगावात औषधाचं दुकान. त्याच्याकडं सीमेवरच्या, अर्ध्या कानडी बोलांच्या चाली होत्या. तो त्या द्यायचा, पण इतक्या भरभर वाजवून की कुणाच्या हाती काही लागू नये. "परत वाजवा की," म्हटलं, की त्याला दुकान आठवायचं.

म्हणजे बघा, सगळे वाटायला बसलेले आणि प्रत्येकाची मूठ झाकलेली. मधेच कुणी "वा! क्या बात है" म्हणायचं. मांडीवर तंबाखू मळायची, तोच हात माझ्या पट्ट्यांवर ठेवायचा. मोबाइल माझ्याच झाकणावर उभा करून रेकॉर्डिंग करायचं. आणि वाजवायचं सगळं पांढरी एकमध्येच, कारण दुसऱ्या पट्टीत बोटं कुणाची चालतात!

आनंदराज वेगळा निघेल असं मला वाटलं होतं. एका रविवारी त्यानं मायचं गाणं मंडळाला दिलं. पहिली ओळ नीट, दुसरी नीट. तिसऱ्या ओळीत त्याचं बोट काळीपाशी गेलं, थबकलं आणि शेजारच्या पांढरीवर उतरलं. 'घर लांब' एकदम सपाट झालं. रामकिशन म्हणाला, "लई गोड!" संगमेशनं लगेच रेकॉर्ड केलं.

सगळे गेल्यावर गुणाबाई आतून आली.

"काऊन रे तसं वाजवलास?"

"समदंच द्यावं का लोकांला? ते तरी कुठं देऊन राहिले?"

"मी तुला राखून दिलं व्हतं का?"

त्यानं माझा भाता लावला आणि मला कोपऱ्यात सरकवलं. त्या क्षणी त्याच्या बोटावर झाकण आपटावं असं मला वाटलं, पण आम्हा पेट्यांना तेवढंही करता येत नाही.

पुढं ते खोटं 'घर लांब' दर रविवारी वाजायला लागलं. मंडळाला ते फारच आवडलं. मोबाइलवरून ते नांदेडला गेलं, लातूरला गेलं, कुठल्या कुठल्या मंडळांत 'पारंपरिक चाल' म्हणून वाजू लागलं. आनंदराज गालात हसायचा. खरी चाल आपल्या घरात आहे, या भरवशावर निवांत होता. पण घरात ती वाजवत कोण होतं? सोमवार ते शनिवार मी कोपऱ्यात पडलेली. रविवारी काढायचं, खोटं वाजवायचं, परत ठेवायचं. माझ्या काळी तीनवर धूळ बसली.

गेल्या वर्षी आखाडात गुणाबाई गेली. गाणं तिच्या तोंडात होतं, ते तिच्याबरोबर गेलं.

यंदा तिच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन जवळ आलं. आनंदराजची लेक लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स आहे. आजीनं वाढवलेली पोर. तिचा फोन आला. "बाबा, त्या दिवशी वंदना झाली की आजीचं गाणं मी म्हणणार. जसंच्या तसं. ऐकलंय पुष्कळ, पण गळ्यात बसलं नाही. दोन दिवस आधी येते, मला शिकवा."

"ये की. त्यात काय हाय," आनंदराज म्हणाला.

फोन ठेवून त्यानं मला पुढं ओढलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसरीत बोट गेलं सरळ पांढरीवर. त्यानं परत सुरू केलं. परत पांढरी. तो हसला, डोकं खाजवलं, तंबाखू खाल्ली, परत बसला. मग त्याचं हसू गेलं. बोटांना इतकी वर्षं जे शिकवलं तेच त्यांना येत होतं. खरी चाल कुठं वळायची, ते त्याला आठवतच नव्हतं.

मला आठवत होतं! मी इथं त्याच्या मांडीपाशी, सूर माझ्या पोटात, आणि मला तोंड नाही. अरे, बोटभर पलीकडं सरक की रे शहाण्या!

तो रामकिशनच्या शेतावर मला सायकलीला बांधून घेऊन गेला. रामकिशननं ऐकलं आणि म्हणाला, "हीच की चाल! तुम्हीच त दिली." संगमेशनं दुकानातच मोबाइल काढून जुनं रेकॉर्डिंग लावलं. "बघा, बरोब्बर हीच हाय. तुम्ही उगाच काळजी करून राहिले." आनंदराज काय सांगणार होता? मी तुम्हाला फसवलं होतं, असं?

मग त्यानं साखरा मावशीला फोन लावला. गुणाबाईची धाकटी बहीण, तिच्याच रांगेत वेचायची. म्हातारीनं दोन ओळी थरथरत म्हटल्या आणि गप्प झाली.

"पुढं, मावशी?"

"पुढचं गुणाच म्हणायची, लेकरा. ती म्हणेपर्यंत आम्ही नुसतं वेचायचो. मंग परत बोंडावर यायचो. तुझ्याकडं त असंल की ते. तू त पेटीवर घेतलं व्हतंस."

लुंबिनी आली त्या दुपारी आनंदराजनं तिला सगळं सांगून टाकलं. आढेवेढे घेत का होईना, पण सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

"म्हणजे आजीचं गाणं आता कुणालाच येत नाही?"

"दोन ओळी येतेत."

"तिसरीसाठीच तर ते गाणं होतं, बाबा! लोकांना नाही दिलं ते नाही दिलं. मला तरी द्यायचं होतं."

"तू कधी मागितलंच न्हाईस."

"मागायला लागतं का?"

त्यानं आणखी एकदा वाजवून पाहिलं, तिसरीत परत तेच झालं, आणि तो भाता उघडाच टाकून उठला. दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, पण मला त्याची दया आली नाही. मला गुणाबाईची आठवण येत होती.

लुंबिनीनं डोळे पुसले आणि पदराच्या त्याच टोकानं माझ्या पट्ट्या पुसायला लागली. रागानं माणूस भांडी घासतं ना, तशी. माझ्या पोटात हवा उरलेली होती. तिचं बोट पांढऱ्यांवरून घसरत काळी तीनवर आलं, तिथली धूळ निघेना म्हणून तिनं जोर लावला. आधी पट्टी कुरकुरली. मग सूर निघाला.

दारातून आवाज आला. "थांब! ती परत दाब."

"कुठली?"

"आत्ता दाबलीस ती. दाबूनच धर."

तो धावत आला, भाता धरला आणि त्या सुरावर मागून चढत आला. घर लांब, माय गं, घर लांब. बोट बरोबर काळीवर टेकलं. लुंबिनीच्या तोंडून "आजी!" एवढंच निघालं. मी आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही, पण त्या दिवशी मी झाडून सगळे सूर मोकळे करून वाजले.

पुण्यानुमोदनाला लुंबिनी ते गाणं म्हणाली. साखरा मावशी पुढंच बसली होती. तिसरी ओळ आली तशी तिनं तोंडाला पदर लावला.

आता मंडळाचं ऐका. पुढच्या रविवारी आनंदराजनं सगळ्यांसमोर कबूल केलं. "मी तुम्हाला खोटी चाल दिली व्हती. खरी ही हाय." आणि वाजवली. मग रामकिशन हसला. "बोट चुकलं तुमचं, आनंदराज. ते काळीवर न्हाई जात." संगमेशनं मोबाइल पुढं केला. "हे बघा, मूळ चाल. नांदेडची, लातूरची, समदी मंडळं अशीच वाजवतेत. मायच्या दुःखानं व्हतं कधी कधी असं." आणि त्यांनी त्याला त्याच्याच मायचं गाणं दोनदा शिकवलं. आनंदराजनं खाली मान घालून ऐकून घेतलं. त्याला ते बरोबर मिळालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लुंबिनी लातूरला परत निघाली तेव्हा त्यानं मला तिच्या हवाली केलं. "मंडळाला दुसरी पेटी हाय. ही तू ने." रिक्षा दाराशी उभी होती. मला उचलता उचलता ती थांबली.

"बाबा, खरं सांगा. आता काही राखलं नाही ना हातचं?"

"न्हाई बाई. समदं दिलं."

आणि तो माझ्याकडं बघायला लागला. मीही त्याच्याकडं बघत होते. सगळं दिलं? बघा या माणसाची खोड! मेल्यावरच सुटणार.

"थांब," तो म्हणाला. "एक राहिलं."

त्यानं मला परत खाली ठेवायला लावलं. तिथंच, दारात, एक हात भात्यावर ठेवून वाजवायला लागला. घर लांब... आणि तिथं तो थांबला. भाता धरून ठेवला, सूर नाही, काही नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मग 'माय गं' आलं.

"हितं थांबायचं," तो म्हणाला. "माय हितं कंबर सरळ करायची."

लुंबिनीनं वाजवून दाखवलं. ती थांबली, बरोबर तेवढीच. मग तिनं झाकण लावलं आणि मला मांडीवर घेऊन रिक्षात बसली.