पोटात भोक पडलेला अर्धा किलो

त्या सकाळी धुण्याच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर एवढ्या वस्तू होत्या: साडेचार लिटर तेल, दीड लिटर पाणी, कॉस्टिक सोड्याची एक किलोची न फोडलेली पिशवी, अंजिराच्या लाकडाची एक काठी, आत फडके अंथरलेले सात लाकडी खोके, एक तराजू आणि आठ वजने. आठांतला सर्वांत मोठा मी. मित्रांनो, मी एक जुना लोखंडी अर्धा किलो आहे. निदान माझ्या पाठीवर तसे कोरलेले आहे.

मला साच्यात ओतले तेव्हा मी थोडा कमी भरलो होतो. म्हणून माझ्या तळाच्या खळग्यात शिसे ओतून मला पुरे केले गेले. पुढे ओबदुलियाने मला लग्नानंतर या डोंगरातल्या गावात आणले. मी तिचे बदाम तोलले, बकरीच्या दुधाचे चीज तोलले. बाजारात बायका म्हणत, ओबदुलियाचा अर्धा किलो कधी खोटे बोलत नाही. हे ऐकून मला किती बरे वाटे! मग गावात विजेवर चालणारे वजनकाटे आले. त्यानंतर मी वर्षातून एकदाच फळीवरून खाली उतरू लागलो, साबणाच्या दिवशी.

ओबदुलिया वर्षभर तळणीचे तेल गाळून डब्यात साठवायची. तेल ती किटलीने मोजायची. सोडा मात्र मला पारड्यात ठेवून.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या ओल्या हातातून मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. शिसे सुटले आणि घरंगळत मोरीत गेले. तिने मला उचलले, तळहातावर जोखले आणि लगेच तराजूत बाकीच्या वजनांसमोर घातले. मग ती घरभर हिंडून एक एक लोखंडी वस्तू माझ्या शेजारी ठेवून पाहू लागली. शेवटी तळघराच्या जुन्या दाराची किल्ली बरोबर जुळली. तेव्हापासून सोडा तोलताना ती किल्ली माझ्या शेजारी असे. एकदा शेजारणीने विचारले, ही कशाला? ओबदुलिया हसून म्हणाली, "तुझी दृष्ट लागू नये म्हणून." मुलींनी हे ऐकले आणि ते खरे मानले. आमच्याकडे साबण जमला नाही, फाटला की दृष्टीलाच बोल लावतात.

या जानेवारीत ओबदुलिया गेली. डब्यात तिने गाळलेले तेल तेवढे उरले. मार्चमध्ये धाकटी बेनिता बिल्बाओ शहरातून आली. ती आणि आईजवळ राहिलेली थोरली कासिल्दा, अशा दोघी त्या तेलाचा साबण करायला बसल्या. आईच्या हातचे असे तेल पुन्हा येणार नव्हते.

त्या सकाळी कासिल्दाने किल्ली आणून माझ्या शेजारी पारड्यात ठेवली. बेनिताने ती उचलून बाजूला केली.

"आता आईच नाही, दृष्ट कोणाला लागणार आहे?"

"ठेव ती. आई ठेवायची."

"आई मांजर आडवं गेलं की घरीही परतायची. तू परततेस का?"

कासिल्दा रडवेली होती, तरी तिला हसू आले. किल्ली बाजूलाच राहिली. मी एकटाच पारड्यात बसलो, आणि समोरच्या पारड्यात सोडा कमी पडत गेला. मला ते कळत होते. मित्रांनो, वजनाला तोंड नसते.

तीन आठवडे झाले, तरी खोक्यांत ओतलेला साबण घट्ट होईना. बोट लावले की रुतत होते, वर तेलाचा तवंग होता. कासिल्दाने बेनिताला फोन केला. तू किल्ली काढलीस, तू ढवळताना काठी उलटी फिरवलीस, तुला आईचे काहीच नको होते, असे बरेच काही ती बोलली. बेनिताने फोन ठेवला. त्याच संतापात कासिल्दाने सहा खोके घरामागच्या ओढ्यात रिकामे केले. सातवा कपाटावर होता. तिथवर तिचा हात पोचला नाही.

मे महिन्यात तिने नव्या तेलाचा साबण करायला घेतला. अर्धा किलो वापरून उरलेला सोडा पिशवीत होता, म्हणजे तोही अर्धा किलो असायला हवा. तिने पिशवी माझ्यासमोर तोलली. पिशवीचे पारडे खाडकन खाली गेले. तिने पुन्हा तोलले. मग मला उलटे केले आणि माझ्या पोटातल्या भोकात बोट घातले. दोनशेची दोन, वीसचे एक आणि दहाचे एक, एवढ्याच वजनांइतका मी भरलो: चारशे तीस ग्रॅम. किल्ली सत्तर भरली.

मग तिने बेनिताला फोन लावला. किल्लीचे सगळे सांगितले, आणि ओढ्याचेही. बेनिताने विचारले,

"किती उरलाय?"

"एक खोका."

"त्यातला अर्धा माझा. आणि कासिल्दा, जरासा चुराही इकडेतिकडे गेला तर बघ."

सत्तर ग्रॅमचा सातवा भाग म्हणजे दहा. कासिल्दाने दहा ग्रॅम सोडा पाण्यात विरघळवला, खोक्यातला साबण मंद आचेवर वितळवून त्यात तो मिसळला आणि पुन्हा ओतून ठेवला.

मला पुन्हा फळीवर ठेवले आहे, उलटे, भोक वर करून. मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू अधूनमधून तपासत जा. आणि ती वापरणारे माणूस घरात असेपर्यंत त्याला विचारून घ्या, हे असे का करतेस म्हणून. मी सहा खोके वाया घालवले आहेत. ते तेल आता कुठेच नाही.

चाळीस दिवसांनी कासिल्दाने साबणाचे दोन तुकडे केले आणि एकेका पारड्यात एकेक ठेवला. डावे पारडे खाली गेले. तिने त्यातल्या तुकड्याची कड सुरीने तासली, चुरा वेचून उजव्या पारड्यात टाकला. आणखी एकदा तासली. काटा मधोमध थांबला.