मंत्रालयात राहिलेली गाडी

दत्तोपंत घरातून निघाले की त्यांच्या बायकोच्या, इंदूच्या, तोंडचं पाणी पळायचं. हातात किल्ली, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात, आठवली तर, चप्पल. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरातून ते थेट जुन्या मंत्रालयाची वाट धरत. नवं राज्य झालं तेव्हा सरकारलाच बसायला जागा नव्हती; मंत्रालय एका दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं, आणि पाटबंधारे खात्यातल्या दत्तोपंतांना तिथं टेबल मिळालं होतं. त्याच वर्षी त्यांनी ही काळी गाडी घेतली. पुढं मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, दत्तोपंत रिटायर झाले, आणि आता म्हातारपणी त्यांचं डोकं परत त्याच वर्षात जाऊन बसलं होतं. गाडी मंत्रालयात राहिली, ती आणायची, एवढा एकच ध्यास.

गाडी अंगणातच उभी होती. रड तीच तर होती.

कारखान्यांची काळी बुकणी रायपुरात कोणाला चुकली आहे? गच्चीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, गाडीवर, रोज येऊन बसते. विसरायला लागल्यापासून दत्तोपंत ती कोरड्या फडक्यानं पुसत. सकाळी पुसली हे विसरून दुपारी पुसत, दुपारचं विसरून संध्याकाळी. इंदू म्हणे, हात गुंतलेले आहेत, बरं आहे. पण ती बुकणी लोखंडाची. घासून घासून टपावर, बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं आणि सगळ्या काळ्या रंगावर राखाडी धुकं चढलं. एके दिवशी त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "ही कोणाची गाडी आणून लावली आपल्या अंगणात? माझी तर काळी आहे."

त्या दिवसापासून हे जाणं सुरू झालं. एकदा सदर बाजारात स्कूटरवाल्यानं पाडलं. इंदूनं दाराला कुलूप लावलं तर मागच्या भिंतीवरून उडी टाकून मनगट मोडून घेतलं. शेवटी हैदराबादहून वरदचा, मुलाचा, फोन आला.

"आई, अब बस. ट्रक के नीचे आ जाएँगे किसी दिन. नागपूर में बुज़ुर्गों के लिए जगह देखी है मैंने, अच्छे लोग हैं. संडे को आ रहा हूँ, बाबा को ले जाऊँगा."

"त्यांना नाही पाठवायचं मले कुठं."

"तो फिर घर में रोक के दिखाओ ना. रोक पाती हो क्या?"

पोरगा वाईट नव्हता, थकला होता. इंदू स्वतः काय कमी थकली होती? पण एवढ्या वर्षांचा माणूस परक्यांच्या हवाली करून आपण या घरात एकट्यानं चहा प्यायचा, हे तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वैतागून गाडीवर बादलीभर पाणी ओतलं. का ओतलं, तिलाही सांगता आलं नसतं. ओल्या बॉनेटवरचं धुकं गेलं आणि गाडी क्षणभर काळीशार दिसली. दारात शर्टाची बटणं लावत उभे असलेले दत्तोपंत एक पायरी उतरले. "अरे," ते म्हणाले. आणखी एक पायरी उतरले. मग ऊन लागलं, पाणी सुकलं, धुकं परत आलं आणि ते फाटकाकडे वळले.

इंदूला तेवढं पुरलं. शेजारच्या माया दीदींना त्यांच्यामागं पाठवून ती स्वतः डेंटिंग-पेंटिंगवाल्या हिरालालला बोलावून आली. त्यानं अंगठ्यानं रंग चोळून पाहिला.

"हव दीदी, आ जाएगा चमक. दुकान में छोड़ दो, आठ दिन लगेगा."

"आठ दिन कहाँ हैं भैया मेरे पास? रविवार को तो ले जाएँगे इनको."

तिनं त्याच्याकडून पॉलिशच्या पेस्टचा डबा तेवढा मागून घेतला, आणि कसं घासायचं ते दोनदा विचारून घेतलं. सावलीत घासायचं. आधी धूळ पाण्यानं नीट धुऊन काढायची. ओल्या फडक्यानं हातभर जागा धरायची, ती झाली की पुढची. कडांवर जोर द्यायचा नाही, तिथं रंग पातळ असतो.

दुपारी गोळी घेऊन दत्तोपंत झोपत, तेवढीच तिची वेळ. अंगणात चादर बांधून तिनं सावली केली, पदर खोचला आणि सुरुवात केली. पेस्ट आधी पांढरी असे, मग घासता घासता मळकट होई, पुसली की खाली काळा रंग. खरा काळा. तिला रडूच आलं, पण रडायला सवड कोणाला होती! जिवाचं रान करून ती घासत राहिली. खांदे भरून आले, बोटांची सालं निघाली. मध्येच आतून खोकल्याचा आवाज आला की फडकं टाकून दाराशी पळायची, आडवी व्हायची, हातापाया पडायची, "आज सुट्टी आहे हो, काहून जाऊन राहिले," असं काहीबाही सांगून परत आत न्यायची. शनिवारी बॉनेटच्या कडेवर हात जोरात पडला आणि रंग जाऊन खालचा अस्तराचा पट्टा उघडा पडला. घरात बुटाचं काळं पॉलिश होतं, तेच बोटानं चोपडलं. देवा, आज एवढं निभाव, असं म्हणाली आणि टप घासायला स्टुलावर चढली.

रविवारी सकाळी दत्तोपंत इस्त्रीचा शर्ट घालून दारात आले. गाडी उभी होती, काळीशार, आभाळ दिसेल अशी. इंदू तिच्याजवळच उभी होती. पिंजारलेले पांढरे केस, कोपरापर्यंत मळलेले हात.

ते पायऱ्या उतरले. बॉनेटवरून तळवा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिनं कैक वर्षांत पाहिला नव्हता.

"आली होय," ते म्हणाले. "कोण घेऊन आलं?"

"मीच आणली," इंदू म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अदबीनं हात जोडले. "फार उपकार झाले, मावशी. जरा सरकता काय? घरची मंडळी येऊन राहिली, आम्हाले निघायचं आहे."

"अहो, मी इंदू."

"मस्करी काहून करता," ते हसले. "इंदूचे केस पाहा तुम्ही, काळेभोर." दार उघडून ते स्टिअरिंगपाशी बसले. बॅटरी केव्हाच गेलेली, पण त्यांनी किल्ली लावलीही नाही. त्या काळ्याभोर केसांच्या इंदूशिवाय ते कधी निघालेच नसते. ते घराच्या दाराकडे बघत बसले.

फाटक सताड उघडं होतं आणि दत्तोपंत जागचे हलत नव्हते. एवढंच तर तिनं देवाकडं मागितलं होतं! ती तिथंच खांबाला धरून उभी राहिली. वरद म्हणाला तसं तिनं त्यांना रोखून दाखवलं होतं, नागपूर टळलं होतं, नवरा घरी राहिला होता, आणि तिला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं ते अस्वस्थ झाले. घाम पुसला, घड्याळ पाहिलं, एक पाय गाडीबाहेर टाकला. "कुठं राहिली ही? बघून येतो," म्हणाले, आणि फाटकाकडे बघू लागले.

इंदू मागच्या बाजूनं धावत घरात शिरली आणि दाराच्या पडद्याआड उभी राहिली, त्यांना दिसणार नाही अशी.

"आले हो," तिनं आतूनच हाक दिली. "साडी नेसून राहिले. जाऊ नका कुठं."

बाहेर गाडीचं दार परत लागलं.

"बरं बरं," दत्तोपंतांचा आवाज आला, अगदी निवांत. "तुझं होऊ दे सावकाश. मी बसलो आहे."

इंदू पडद्यामागं उभी राहिली. आता बाहेर जायची सोय नव्हती.